किती बोटं?

रविवारी सकाळच्या चहापासून संध्याकाळी दिवा लावेपर्यंत त्र्याण्णव वेळा. रेघा मीच मारल्या होत्या, गणिताच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर, चार उभ्या आणि पाचवी आडवी. दुपारी जेवायला बसलो तेव्हाच निम्मं पान भरलं होतं. मला वाटलं, माझंच काही चुकतंय, एकेक रेघ दोनदा मारली जातेय. चुकत नव्हतं. माझी नऊ वर्षांची मुलगी एका दिवसात आपल्या बापाला त्र्याण्णव वेळा एकच प्रश्न विचारत होती. आणि मी, त्याच घरात राहणारी, पोरांना मोजायला शिकवून पगार घेणारी बाई, मुलीवर उपचार करणाऱ्या यवतमाळच्या मॅडमना छातीठोकपणे सांगून आले होते, "विचारते हो दिवसातून पाच-सहा वेळा."

प्रश्न असा. हात वर करायचा, काही बोटं उघडायची, काही मिटायची आणि लांबून विचारायचं, "बाबा, किती बोटं?"

बापानं "तीन" म्हटलं आणि बोटं तीनच असली, की ती श्वास सोडायची. मग पाच मिनिटं बरी जायची.

आम्ही बाभुळगाव तालुक्यातल्या एका लहान गावात राहतो. नवरा शेती करतो. कपाशी, तिच्या ओळींमध्ये तुरीची तासं, थोडं सोयाबीन. मी गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन, त्यामुळे मुलगी माझ्याच वर्गात. शाळेच्या फाटकातून आत शिरलं की ती मला आई म्हणत नाही, बाई म्हणते. हा नियम तिचा तिनंच केला आणि पहिलीपासून पाळला. अशी शिस्तीची, शहाणी पोर. म्हणूनच तिचं काही बिनसेल असं माझ्या मनात कधी आलं नाही.

बोटांचा प्रश्न तिनं काढलेला नाही. तो मी काढला. हे लिहायला मला जड जातंय, पण आधीच सांगून टाकलेलं बरं.

मागच्या वर्षी फवारणीच्या दिवसांत आमच्या गल्लीतला एक माणूस भर दुपारी शेतातून आला, भिंतींना हात लावत लावत. तो रोजानं लोकांच्या वावरात औषध मारायला जायचा. "मले दिसून नाही राह्यलं, मले दिसून नाही राह्यलं," एवढंच म्हणत होता. लोकांनी त्याला ऑटोत घालून यवतमाळला नेलं. काही दिवसांनी तो नीट होऊन घरी आला, आजही कामाला जातो, चौकात बसून गप्पा हाणतो. पण त्या दुपारी मी ओट्यावर उभी राहून त्याला पाहिलं होतं आणि माझा पदर धरून मुलगी उभी होती.

नंतर गावात आरोग्य खात्याची माणसं आली. तोंडाला मास्क बांधा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नका, मध्ये तंबाखू खाऊ नका, घरी आलात की आधी आंघोळ. अंधुक दिसायला लागलं तर वाट बघू नका, दवाखाना गाठा. सगळं त्यांनी नीट सांगितलं होतं. मी त्यातलं एक 'अंधुक दिसणं' तेवढं डोक्यात घेतलं आणि त्यावर माझी अक्कल चालवली. नवरा फवारणीहून आला, आंघोळ झाली, की मी त्याला अंगणातल्या कडुनिंबाखाली उभा करायची. मी ओट्यावर. हात वर करून विचारायची, "किती बोटं?"

त्यानं कधी कुरकुर केली नाही. "घरात मास्तरीण हाये म्हटल्यावर परीक्षा तर होणारच बाप्पा," म्हणायचा आणि हसायचा. मुलगी मध्ये कुठंतरी असायची. मला वाटायचं, खेळतेय.

यंदा पहिली फवारणी झाली आणि तिनं माझ्याआधी हात वर केला. आम्हाला गंमत वाटली. मग फवारणी नसतानाही सुरू झालं. सकाळी उठल्या उठल्या. जेवताना, घास बापाच्या तोंडात असताना. बाप गोठ्यात असला तर खिडकीतून. बाप शेतात असला तर फोनवर, "बाबा, समोरच्या खांबाकडे पाहा, तार दिसते का?" आणि आम्ही उत्तरं देत राहिलो. लेकरू विचारतंय, दोन शब्दांत समाधान होतंय, तर द्यायला काय जातं? तान्ह्या पोळ्याला तिनं आपला लाकडी बैल रंगवून, बेगड लावून तयार ठेवला होता. पोरं बोलवायला आली तेव्हा ही दारात बैलाची दोरी धरून उभी. बाबा वावरातून आल्याशिवाय जाणार नाही म्हणाली. बाबा आला तोवर पोळा फुटला होता, पोरं बैल घेऊन घरोघर पांगली होती. शेजारीण म्हणाली, "बापाची लय येडी हाये वो तुही पोट्टी." आणि मला त्याचं कौतुक वाटलं! आज आठवलं की स्वतःची लाज वाटते.

मग पोटात दुखायला लागलं. शाळेच्या वेळेला बरोबर दहा वाजता. शाळेत न्यावं तर मधल्या सुट्टीत पळून थेट वावराच्या धुऱ्यावर, बांधावर. तिथं बसून बापाकडे टक लावून पाहत राहायची. पुढे पुढे शाळेतच येईना. तीन आठवडे मी माझ्याच हातानं, माझ्याच हजेरीपटावर, माझ्याच पोरीच्या नावापुढे गैरहजेरी मांडली. वर्षअखेरीला ती चौथीतून बाहेर पडणार होती, पुढे पाचवीला रोज एसटीनं बाभुळगावला जायचं होतं. जी पोर दोनशे पावलांवरच्या शाळेत टिकत नाही ती एसटीत काय बसणार? ही अशीच धुऱ्यावर बसून मोठी होणार, या विचारानं माझं डोकं फिरायचं.

एके दिवशी फिरलंच. दंडाला धरून ओढत नेली. फाटकाशी तिला उलटी झाली, माझ्या पायावर. आणि मी तिला थोबाडीत मारली.

इतकी वर्षं शिकवतेय, वर्गातल्या कुठल्या पोरावर हात उचलला नाही. जिभेनं भलीभली सरळ केली, पण हात नाही. फाटकाशी उभी राहून मी माझ्या हाताकडे पाहत राहिले. तो माझाच होता यावर विश्वास बसेना. ती रडली नाही. तोंड पुसलं आणि विचारलं, "आता जाऊ का बाबाकडे?"

बाभुळगावच्या डॉक्टरांनी पोट तपासलं. पोटात काही नाही म्हणाले, आणि यवतमाळच्या एका मॅडमचा पत्ता दिला.

पत्त्यावर पोचलो तर खाली मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज. लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. ऑइलनं काळे झालेले हात पुसत एक पांढऱ्या दाढीचे चाचा म्हणाले, "बेटीकडे आलात ना? जा, वर जा." बेटी म्हणजेच त्या मॅडम, चाचांची मुलगी. माझ्यापेक्षा चांगल्या पंधरा वर्षांनी लहान, डोक्यावर ओढणी, हसरी. ही काय माझ्या पोरीला बरं करणार, असं माझ्या मनात आलंच. गोळ्या देतील, चार दिवसांत फरक पडेल, या हिशेबानं मी गेले होते. त्यांनी वही दिली. कोरी, चाळीस पानी. भिंतीवर उपचाराचं मराठी नाव लावलेलं होतं, 'संज्ञानात्मक वर्तनोपचार'. माझ्या चौथीला वाचायला दिलं असतं तर अर्धा वर्ग पहिल्याच शब्दाला ठेचकाळला असता. पण काम साधं निघालं. वहीच्या पानावर तीन चौकोन. मनात काय आलं, अंगात काय झालं, मग मी काय केलं.

भीती मोजायला बोटंच. काहीच नसेल तर मूठ, सगळ्यांत जास्त म्हणजे दहाही बोटं. मॅडमनी मुलीला विचारलं, "आत्ता बाबा खाली अब्बाजवळ बसले आहेत. तू वर आहेस. किती?" तिनं आठ दाखवली. खालून कुठल्यातरी गाडीचा फटफट आवाज येत होता. मॅडम दुसरं काही न बोलता तिच्यासोबत बसून राहिल्या. काही वेळानं, "आता?" सहा. अजून काही वेळानं, "आता?" चार.

"तुम्ही काय केलं?" मी विचारलं.

"काहीच नाही, ताई. थांबलो. भीती चढते तशी उतरतेपण. तिनं ते कधी पाहिलंच नाही, कारण उतरायच्या आधीच तिला उत्तर भेटून जाते."

रेघा मारायचं काम त्याच दिवशी मिळालं. पुढच्या भेटीत मी त्र्याण्णवचा आकडा सांगितला तेव्हा मॅडम दचकल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, एक गोष्ट बोलू? बुरा नका मानू. ती त्र्याण्णव वेळा विचारते, कारण तुम्ही लोक त्र्याण्णव वेळा उत्तर देता."

मी बुरा मानलाच. लेकराला उत्तर द्यायचं नाही? मग आई-बाप कशाला असतात? तिथं बसून मी मॅडमना चांगलं सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाणी दिलं. मग शांतपणे सांगितलं की फवारणीचा धोका खोटा नाही. मास्क, हातमोजे, आंघोळ, हे सगळं करायचंच, एकदा नीट करायचं आणि मोकळं व्हायचं. बोटं विचारल्यानं फवारणीचं औषध अंगाला कमी बाधत नाही.

मग त्यांनी आणि मुलीनं मिळून कागदावर एक शिडी काढली. खालची पायरी, बाबा दुसऱ्या खोलीत असताना पंधरा मिनिटं विचारायचं नाही. त्याच्या वर, बाबा वावरात आणि ती अंगणात. त्याच्या वर, अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण दिवस. सगळ्यांत वर, बाबा फवारणीला आणि ती दिवसभर शाळेत, संध्याकाळी बोटं नाही. तिनं विचारलंच तर आम्ही एवढंच म्हणायचं, "तुला काय वाटतं?" आणि गप्प.

पहिले दोन दिवस घरात नुसता आकांत होता. ती विचारायची, नवरा ओठ दाबून अंगणात निघून जायचा, मी स्वयंपाकघरात भांडी आपटायची. पण पायरी चढली. मग दुसरी. मधल्या सुट्टीपर्यंत शाळा, मग साडेतीनपर्यंत, मग पूर्ण. वहीत ती लिहायची, 'मनात आलं बाबा पडले. अंगात पोट आवळलं. मी पाढे म्हटले. बाबा पडले नाहीत.' रेघा वीसवर आल्या, मग सातवर. एक दिवस एकही नाही. मी शाळेतल्या फळ्यावर तारीख लिहिताना उगाच हसत होते.

फक्त शेवटची पायरी चढेना. फवारणीचा दिवस आला की ती मधल्या सुट्टीत पळायची. एकदा पळाली, दोनदा पळाली. तिसऱ्यांदा मी चिडून सगळं गाठोडं बांधलं आणि दोघांना घेऊन यवतमाळला गेले. वह्या झाल्या, शिड्या झाल्या, पोरगी तिथंच आहे, हे सांगायला.

नवरा खालीच चाचांजवळ बसला. मॅडमनी मला बाहेर बसवलं आणि त्या मुलीशी बोलल्या. बराच वेळ. मग आत बोलावलं. म्हणाल्या, "ती तुम्हाला वाचू द्यायला तयार आहे," आणि वही पुढे केली. तिच्या गोल, सावकाश अक्षरात लिहिलं होतं :

'आई आता बोटं विचारत नाही. पण फवारणीच्या दिवशी बाबा आले की आई चहाचा पुडा आणते आणि बारीक अक्षर वाचायला लावते. कधी कॅलेंडर आणते. बाबा वाचतात तोवर आई श्वास घेत नाही. आई बाई आहे. बाईला सगळं माहीत असतं. आई भिते म्हणजे खरंच काहीतरी आहे आणि ते मला सांगत नाही.'

मी ते दोनदा वाचलं.

खरं होतं सगळं. पुडा खरा होता. बोटं बंद झाली त्याच आठवड्यात मी ते सुरू केलं होतं. "अवो, चष्मा नाही सापडून राह्यला, जरा वाचा बरं यावर काय लिहिलं," असं सहज म्हणायची. चष्मा माझ्या गळ्यातच असायचा. मला वाटत होतं कोणाला कळत नाही. मलासुद्धा नीट कळत नव्हतं, इतकं ते आपोआप व्हायचं. पोरीची एकेक रेघ मोजणारी मी, माझी एकही मोजली नव्हती.

इतके दिवस मी सगळ्यांना सांगत होते की त्या आंधळं होऊन आलेल्या माणसाला पाहून पोरगी घाबरली. आता मॅडमनी तिला विचारलं, "त्या दिवशी तू काय पाहिलंस?" तेव्हा ती म्हणाली, "मी आईकडे पाहून राह्यलती." त्या माणसाचा चेहरा तिला आठवतही नव्हता. तिला आठवत होता माझा.

असं काही ऐकावं लागेल हे कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्या गॅरेजचा जिना चढले नसते. खरंच चढले नसते. मी मॅडमसमोर रडले, मग रागावले, मग पुन्हा रडले. मुलगी खुर्चीत पाय हलवत माझ्याकडे पाहत होती. घाबरून नाही. बारकाईनं पाहत होती.

घरी येताना बसमध्ये मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही तरी बोलाचं न. मी रोज पुडा आणून राह्यली तर काहून वाचत गेले?"

तो म्हणाला, "मले वाटलं ते बी त्या मॅडमनंच सांगतलं."

मॅडमनी कागदावर दुसरी शिडी काढून दिली होती. त्यावर वर माझं नाव होतं. पायऱ्या कमी होत्या, तीनच, आणि मला त्या उंच वाटत होत्या. पहिलीच, फवारणीच्या संध्याकाळी पुडा नाही, कॅलेंडर नाही.

पुढच्या आठवड्यात फवारणीचा दिवस आला. सकाळी नवऱ्यानं मास्क लावला, हातमोजे घातले, पंप पाठीवर घेतला. मुलीनं आणि मी सोबत वहीत लिहिलं, 'सगळं घातलं', आणि वही मिटली. शाळेत मी हजेरी घेतली. मधल्या सुट्टीत ती फाटकापर्यंत गेली. मी व्हरांड्यातून पाहत होते आणि हाक मारायची नाही म्हणून ओठ दातात धरला होता. ती फाटकाला धरून उभी राहिली. एक हात खाली होता, त्याची बोटं ती उघडत होती, मिटत होती. मग वळली, हातपंपावर पाणी प्यायली आणि पोरींमध्ये जाऊन बसली. सुटेपर्यंत बसली. वर्गातून निघताना म्हणाली, "बाई, आज मी पूर्ण." मी मान हलवली.

तिची पायरी झाली होती. आता माझी होती.

घरी आलो तेव्हा नवऱ्याची आंघोळ झाली होती. ओले केस, अंगात बनियन, कडुनिंबाखाली बाजेवर बसून तो पायाला तेल लावत होता. त्यानं डोळे चोळले. तेल गेलं असेल, घाम गेला असेल. चहाचा पुडा माझ्या हातात कधी आला ते मला कळलंच नाही. मी ओट्यावर उभी होते आणि पुडा माझ्या हातात होता.

मुलगी दारातून आली. तिनं माझ्या हातातून पुडा घेतला, आत फळीवर ठेवून आली. ओट्यावर बसली आणि मलाही हात धरून बसवलं.

"आई, किती?"

मी दोन बोटं दाखवली.

"खरं सांग न."

नऊ वर्षांच्या पोरीनं मला असं विचारावं आणि मला खोटं बोलता येऊ नये, असं काही आयुष्यात कधी घडलं नव्हतं. मी दोन्ही हात वर केले. दहाही बोटं उघडली. तिनं ती पाहिली. ती घाबरली नाही. मॅडम बसायच्या तशी शांत बसली.

"थांबू," ती म्हणाली. "उतरते. काही कराचं नाही, फक्त थांबाचं."

तेवढ्यात कडुनिंबाखालून, तेलाचा हात पायावर फिरवत, मान वर करून, वर्षभराच्या सवयीनं नवऱ्यानं मोठ्यानं सांगितलं, "दहा!"

"बाबा!" ती ओरडली. "तुमाले कोनी विचारलं?"

नवरा दचकला. त्याचा चेहरा पाहून मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी पदरानं पुसत राहिले. ती मात्र हसली नाही. तिचं काम अजून व्हायचं होतं. ती माझ्या वर धरलेल्या हातांकडेच पाहत होती.

"आता किती?"

नवऱ्याला नीट दिसतंय, हे उत्तर मला न विचारताच मिळून गेलं होतं. तरी दहाची मूठ झाली नव्हती, भीती फारशी उतरली नव्हती. माझ्याकडे दाखवण्यासारखं फार काही नव्हतं. पण तिनं खरं सांग म्हटलं होतं. मी एक बोट मिटलं.